पर्यटननगरीशेजारच्या उपनगरात नवीन आलात? बाहेर जेवायचं कुठे, ते असं शोधा

घर ताब्यात आलंय, निम्मी खोकी अजून बंद आहेत, शेगडी जोडायची राहिलीय आणि रात्रीचे आठ वाजलेत. फोनवर ‘जवळपास जेवण’ असं शोधलं की वर येणारी बहुतेक नावं तासाभराच्या अंतरावरच्या त्या प्रसिद्ध शहरातली असतात. उरलेली हमरस्त्यावरची, सहलींच्या बसगाड्या जिथे थांबतात तिथली. तुमच्या घरामागच्या गल्लीत एखादं सुंदर स्वयंपाकघर गेली वीस वर्षं चालू असेलही, पण ते या यादीत दिसत नाही.

नोकरीमुळे मी अशा तीन उपनगरांत राहिले. पहिल्या ठिकाणी जवळजवळ वर्षभर महाग आणि बेचव जेवले. दुसऱ्या ठिकाणी शोधायचं कसं ते हळूहळू कळत गेलं. तिसऱ्या ठिकाणी महिन्याभरात माझी स्वतःची आठ-नऊ ठिकाणं झाली होती. हा लेख त्या महिन्याचा आहे. कोणत्याही एका गावाची यादी इथे मिळणार नाही. तुमच्या गावाची यादी तुम्हाला करता यावी, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

उपाहारगृहाच्या दारात उभं राहिलं की मी स्वतःला एकच विचारते: आज इथे बसलेली माणसं पुन्हा येणार आहेत का?

पर्यटनस्थळाच्या ऐन मध्यावर दुकान टाकलेल्याला रोज नवं गिऱ्हाईक मिळतं. आजचं जेवण फसलं तरी उद्याच्या गर्दीला त्याचा पत्ता नसतो. स्टीव्हन सॅलप आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी 1977 साली याच स्वरूपाची गोष्ट गणिताने मांडली होती. बाजारात काही ग्राहकांना भाव माहीत असतील आणि काहींना नसतील, तर एकच वस्तू एकाच बाजारात दोन भावांनी विकली जाऊ शकते. माहिती नसलेला ग्राहक चढ्या भावाच्या दुकानात शिरतो आणि त्याच्या जिवावर ते दुकान टिकतं. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा हा असा ग्राहक असतो. तुम्ही आता इथे राहणार आहात. भाव आणि चव जाणणाऱ्यांच्या बाजूला जितक्या लवकर जाल तितकं बरं.

उपनगरातल्या गल्लीतल्या दुकानदाराची गोष्ट वेगळी. त्याचं गिऱ्हाईक चार इमारती सोडून राहतं. दोनदा वाईट जेवलं की ते येणं बंद करतं आणि शेजाऱ्यालाही सांगतं. शिवाय जागेचं भाडं शहरापेक्षा कमी, त्यामुळे चार टेबलांवरही धंदा निघतो आणि मालकाला स्वतःच्या घरचे पदार्थ करून बघायची हिंमत होते. लॉस एंजेलिसचे खाद्यसमीक्षक जोनाथन गोल्ड यांना 2007 साली समीक्षेसाठीचं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, उपाहारगृहांवर लिहिणाऱ्याला मिळालेलं ते पहिलंच. नामांकित ठिकाणांबरोबरच त्यांनी रस्त्याकडेच्या साध्या दुकानांच्या रांगांमध्ये, लाँड्री आणि किराण्याच्या शेजारी दडलेल्या स्थलांतरितांच्या छोट्या खानावळींवर आयुष्यभर लिहिलं. बाहेरून अगदीच सामान्य दिसणारी दुकानांची रांग मला दिसली की मी आता मुद्दाम थांबते.

मात्र उपनगर म्हणजे सगळीकडे अस्सल जेवण असंही समजू नका. पर्यटननगरीशेजारच्या उपनगराचे साधारण तीन पट्टे असतात. महामार्गाला किंवा विमानतळाच्या रस्त्याला लागून हॉटेलांचा पट्टा, तिथलं गिऱ्हाईक एका रात्रीचं. मग मोठा मॉल आणि त्याभोवतीच्या साखळी-उपाहारगृहांचा पट्टा. आणि तिसरा जुनी बाजारपेठ, बस किंवा रेल्वे स्थानक आणि त्यामागच्या वस्तीचा. शोध तिसऱ्या पट्ट्यापासून सुरू करा.

पहिला आठवडा: जेवायला नको, बघायला चाला

पहिल्या आठवड्यात चांगलं जेवण सापडलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. सोप्या, ओळखीच्या ठिकाणी पोट भरा. साखळी-दुकानात जेवलात तरी काही बिघडत नाही, तिथे निदान काय मिळेल ते आधीच ठाऊक असतं. या आठवड्यात काम चालण्याचं आहे.

तिसऱ्या पट्ट्यातून तीन वेगवेगळ्या वेळी फेरी मारा: सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या वेळी, दुपारी एकच्या सुमारास आणि रात्री दहानंतर. वार मंगळवार किंवा बुधवार निवडा. शनिवारी सगळीच ठिकाणं भरलेली असतात, त्यावरून काहीच कळत नाही. मंगळवारी रात्री साडेआठला ज्या ठिकाणी निम्मी टेबलं भरलेली आहेत, त्याचं नाव वहीत लिहा.

आत कोण बसलंय ते बघा. एकटी माणसं आहेत का? रोजचं जेवण जिथे होतं तिथे एकट्याने जेवणारे हमखास असतात. कामाच्या गणवेशातले लोक आहेत का, आजीसोबत आलेली नातवंडं आहेत का, मेन्यू न उघडताच मागवणारे आहेत का. वाढणारा आणि जेवणारा एकमेकांशी दोन वाक्यं जास्तीची बोलतात का. ही चिन्हं मी सजावटीपेक्षा, दिव्यांपेक्षा आणि पाटीपेक्षा कितीतरी महत्त्वाची मानते.

दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावणारा माणूस, सहा भाषांतला चकचकीत फोटोंचा मेन्यू, आणि जगातल्या पाच देशांचे पदार्थ एकाच स्वयंपाकघरात — यांतली दोन चिन्हं एकत्र दिसली की पुढे चालू लागा. फोटोंचा मेन्यू एकटाच असेल तर लगेच नाक मुरडू नका. जिथे वेगवेगळ्या भाषांचे कामगार राहतात तिथे तो सोय म्हणूनही ठेवलेला असतो. मेन्यूची लांबी मात्र जरूर मोजा. चार टेबलांच्या जागेत दीडशे पदार्थ असतील तर त्यांतले बरेचसे शीतकपाटातून थेट गरम होऊन येणार हे उघड आहे. भिंतीवर खडूने लिहिलेले सात-आठ पदार्थ, त्यांतले दोन संपल्यामुळे पुसलेले, हे दृश्य दिसलं तर मी दुसऱ्या दिवशी थोडी लवकर जाते.

फोनवरचा नकाशा याच कामासाठी वापरता येतो. गूगल मॅप्सवर बऱ्याच ठिकाणांखाली गर्दीच्या वेळांचा आलेख असतो. एकाच ठिकाणाचा मंगळवार आणि शनिवार शेजारी शेजारी ठेवून बघा. मंगळवार सपाट आणि शनिवार-रविवारच्या दुपारी डोंगर, म्हणजे ते बहुधा सहलीवाल्यांचं ठिकाण. रोज थोडी थोडी वर्दळ असेल तर तिथे वस्तीतल्या माणसांचा राबता आहे.

शहराला जेवू घालणारे कुठे जेवतात

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा.

पर्यटननगरीतल्या हॉटेलांत, बारमध्ये, स्वयंपाकघरांत राबणारी माणसं त्या शहरात राहत नाहीत, कारण तिथलं भाडं त्यांना परवडत नाही. मध्यवस्तीतली घरं अल्पमुदतीच्या भाड्याने पर्यटकांना दिली जाऊ लागल्यावर तर ही माणसं आणखी बाहेर ढकलली गेली. ती राहतात तुमच्या उपनगरात, बहुतेकदा शेवटच्या बसच्या किंवा लोकलच्या मार्गावर. दिवसभर दुसऱ्यांसाठी शिजवून, वाढून, भांडी विसळून ती रात्री उशिरा परततात तेव्हा त्यांनाही भूक लागलेली असते. आणि अन्नाची पारख त्यांच्याइतकी फार थोड्यांना असते. काल उरलेलं गरम करून समोर ठेवलं तर त्यांना पहिल्याच घासाला कळतं.

म्हणून उपनगरात रात्री अकरानंतर कोणती ठिकाणं उघडी आहेत ते शोधा, विशेषतः स्थानकाच्या मागच्या दाराजवळची आणि बस आगारासमोरची. पहाटे पाचला उघडणारीही शोधा. हॉटेलांच्या न्याहारीची पाळी पहाटेच सुरू होते आणि त्या पाळीवर जाणारे वाटेत काहीतरी गरम पोटात घालून जातात. पर्यटकांसाठी शनिवार-रविवार म्हणजे सुट्टी, तर या माणसांची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी, अनेकदा सोमवारी किंवा मंगळवारी. त्या संध्याकाळी कुटुंबासह ती जिथे निवांत बसलेली दिसतात, ते ठिकाण सोडू नका.

याच माणसांमुळे उपनगरात दूरदूरच्या प्रांतांची आणि देशांची जेवणं येऊन वसतात. एखाद्या हॉटेलात एका गावचा आचारी लागतो, तो भावाला बोलावतो, भाऊ मेहुण्याला. काही वर्षांत त्यांची छोटी वस्ती होते, त्यांच्या मसाल्यांचं, पिठांचं दुकान निघतं आणि मग त्यांच्यापैकी कोणीतरी चार बाकडी टाकतं. म्हणून खानावळीच्या आधी परक्या प्रांताचा किराणा विकणारं दुकान शोधा. तिथे काहीतरी विकत घ्या आणि पैसे देताना सहज विचारा, की घरी करायचा कंटाळा आला की तुमची माणसं कुठे जेवतात. प्रार्थनास्थळांच्या आसपासही अशीच ठिकाणं सापडतात, कारण आठवड्यातून एकदा सगळा समाज तिथे जमतो आणि जमलेल्या माणसांना नंतर भूक लागतेच.

पहिल्या ठिकाणी मी वर्षभर जिथून रोज बस पकडत होते, त्या थांब्यामागेच असं एक ठिकाण होतं. मी सकाळी आठला जायचे तेव्हा ते बंद असायचं आणि संध्याकाळी परतायचे तेव्हा अजून उघडलेलं नसायचं. एकदा उशीर झाला म्हणून रात्री साडेअकराला उतरले तर आत दिवे लागलेले, सगळी टेबलं भरलेली आणि काचेवर वाफ धरलेली. त्या रात्री खाल्लेल्या साध्या गरम सूपची चव अजून लक्षात आहे.

कोणाला विचारायचं, आणि काय

“इथे चांगलं कुठे मिळतं?” हा प्रश्न विचारू नका. समोरचा माणूस तुमच्याकडे बघून तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधतो आणि शोभेसं, सुरक्षित नाव सांगतो. नवख्याला सगळे पाहुणाच समजतात.

प्रश्न माणसाच्या स्वतःच्या सवयीबद्दल असावा. “मागच्या आठवड्यात तुम्ही बाहेर कुठे जेवलात?” “घरी पाहुणे आले आणि स्वयंपाक झालेला नसेल तर कुठून मागवता?” “सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठे नेता?” या प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात, कारण त्यात आठवायचं असतं, शिफारस करायची नसते. आणखी एक प्रश्न माझ्या फार उपयोगी पडला आहे: एखाद्या ठिकाणी जेवण आवडलं तर निघताना वाढणाऱ्याला विचारायचं, “तुमची सुट्टी असते तेव्हा तुम्ही कुठे जेवता?” एका चांगल्या ठिकाणाहून दुसऱ्या चांगल्या ठिकाणाचा पत्ता मिळतो आणि अशी साखळी तयार होते.

कोणाला विचारायचं? टॅक्सी आणि रिक्षाचालक, टपाल किंवा पार्सल पोहोचवणारे, केस कापणारे, औषधांच्या दुकानातले, शाळेबाहेर मुलांची वाट बघणारे पालक. पार्सलवाल्यांना तर कोणत्या स्वयंपाकघराचं मागचं दार कसं दिसतं हेही माहीत असतं. घर दाखवणाऱ्या दलालाला मात्र विचारू नका. त्याला तुम्हाला परिसर विकायचा असतो.

तारे कसे वाचायचे

ऑनलाइन परीक्षणं निरुपयोगी नाहीत, पण वाचायची रीत हवी. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकेल लुका यांनी 2011 साली सिअॅटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास करून दाखवलं, की येल्प या परीक्षणांच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं आणि हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांवर होतो, साखळ्यांवर होत नाही. एका ताऱ्याची किंमत इतकी असेल तर खोटे तारे मिळवायचा मोहही तितकाच मोठा. पुढे त्यांनीच जॉर्जिओस झर्व्हास यांच्यासोबत बॉस्टनमधली परीक्षणं तपासली तेव्हा सुमारे 16 टक्के परीक्षणं येल्पने संशयास्पद म्हणून बाजूला काढलेली आढळली. आणि 2017 साली लंडनमध्ये ऊबा बटलर या लेखकाने स्वतःच्या बागेतल्या शेडचं, मुळात नसलेलंच उपाहारगृह खोट्या परीक्षणांच्या जोरावर ट्रिपअॅडव्हायझर या प्रवासविषयक संकेतस्थळाच्या लंडन यादीत पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखवलं.

मी सरासरी आकड्याकडे जवळजवळ बघत नाही. आधी गेल्या तीन महिन्यांतली परीक्षणं वाचते, कारण आचारी बदलला की जुनी स्तुती फुकट जाते. मग दोन आणि तीन ताऱ्यांची वाचते. पाच तारे आणि एक तारा देणारे भावनेच्या भरात लिहितात, मधले लोक तपशील देतात. तक्रार कशाची आहे ते बघा. “उशीर लागला”, “जागा लहान”, “इंग्रजी येत नाही” अशा तक्रारी असतील तर मी आनंदाने जाते. “दुसऱ्यांदा पोट बिघडलं” असं दोघांनी लिहिलं असेल तर जात नाही. परीक्षण लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याने आणखी कुठे लिहिलंय तेही बघा. त्याची सगळी परीक्षणं याच उपनगरातल्या दाताच्या दवाखान्याबद्दल, गॅरेजबद्दल, शाळेबद्दल असतील तर तो इथला रहिवासी आहे आणि त्याचं मत मोलाचं. ग्राहकांनी काढलेले ताटांचे फोटो मालकाने टाकलेल्या फोटोंपेक्षा नेहमी खरे असतात.

स्वच्छता: पाटी आणि डोळे दोन्ही वापरा

बऱ्याच ठिकाणी सरकारी तपासणीचा निकाल दारावरच लावलेला असतो, फक्त तो ओळखता यायला हवा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये 0 ते 5 असे गुण असतात; वेल्समध्ये 2013 पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये 2016 पासून ते लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये ऐच्छिक. लॉस एंजेलिस काउंटीत 1998 पासून आणि न्यूयॉर्क शहरात 2010 पासून ए, बी, सी अशी अक्षरं दिसतात. टोरांटोत हिरवी, पिवळी, लाल पाटी असते, तर डेन्मार्कमध्ये हसरे-रडके चेहरे. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो आणि 2022 पासून तो बिलावरही छापायचा असतो. या पाट्या शोभेच्या नाहीत. लॉस एंजेलिसच्या अक्षरांचा अभ्यास जिन आणि लेस्ली या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केला. पाट्या लागल्यावर उपाहारगृहांचे गुण सुधारले आणि अन्नातून होणाऱ्या आजारांमुळे रुग्णालयात जाणाऱ्यांची संख्याही घटली, असं त्यांना आढळलं. नव्या गावात आल्यावर तिथली तपासणी कोण करतं आणि निकाल कुठे बघायचा हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. अनेक शहरांत पूर्ण अहवालच संकेतस्थळावर असतो.

बाकीचं डोळ्यांनी तपासा. जागतिक आरोग्य संघटनेचे साधे नियम मी पाठ करून ठेवले आहेत: थंड अन्न 5 अंशांखाली, गरम अन्न 60 अंशांवर, आणि शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. याचा अर्थ, बुफेमधल्या ज्या पातेल्यातून वाफ येत नाही त्याच्या वाटेला जाऊ नका. गरम पदार्थ कोमट आला तर परत पाठवा, संकोच करू नका. शिजवलेल्या भाताबद्दल विशेष सावध राहा. बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हॉटेलातून बांधून आणलेला भात म्हणूनच लगेच शीतकपाटात गेला पाहिजे.

टेबल पुसायचं फडकं आणि स्वच्छतागृह बघा. पैसे घेणारे हात न धुता अन्नाला लागतात का ते बघा. गर्दीचं ठिकाण बहुधा जास्त सुरक्षित असतं, कारण तिथे अन्न पडून राहत नाही.

पहिल्या भेटीत काय करायचं

पहिल्यांदा एकट्याने किंवा दोघांनीच जा. पाहुणे, वाढदिवस, सासू-सासरे यांना घेऊन नको. ऐन गर्दीच्या अर्धा तास आधी पोचा. स्वयंपाकघर तेव्हा तयार असतं, पण घाईत नसतं आणि वाढणाऱ्यालाही बोलायला सवड असते.

दोनच पदार्थ मागवा: एक त्या ठिकाणाचा हातखंडा आणि एक अगदी साधा. हातखंडा कोणता ते ओळखायला “आज सगळ्यात आधी काय संपतं?” असं विचारा. साधा पदार्थ यासाठी, की त्यात लपवायला जागा नसते. भात मोकळा आहे का, भाकरी-पोळी किंवा पाव ताजा आहे का, भाजी रंग ठेवून शिजलीय का, यावरून स्वयंपाकघराची शिस्त दिसते. दुपारचं ठरावीक ताट मिळत असेल तर पहिली भेट दुपारचीच ठेवा. तेच हात, तेच साहित्य, आणि दर बहुधा रात्रीपेक्षा कमी.

बिल आलं की सेवाशुल्क त्यात आधीच धरलंय का ते वाचा. बक्षिसी किती, द्यायची की नाही, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. शेजारच्या टेबलावरचे लोक काय करतात ते बघून ठरवा. परदेशात असाल आणि जुन्याच देशातलं कार्ड वापरत असाल तर यंत्र विचारतं, की तुमच्या देशाच्या चलनात पैसे कापू का. नेहमी स्थानिक चलन निवडा. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर बहुतेकदा तुमच्या तोट्याचा असतो.

घरी आल्यावर वहीत चार ओळी लिहा: काय खाल्लं, कोणत्या वेळी गेलो, सुट्टीचा वार कोणता, पुन्हा काय मागवायचं. दोन वेळा जाईपर्यंत पक्कं मत बनवू नका. एखाद्या वाईट दिवशी चांगलं स्वयंपाकघरही चुकतं.

पथ्य आणि ॲलर्जी असणाऱ्यांसाठी

“शाकाहारी आहे का?” एवढं विचारून भागत नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ जागोजागी बदलतो. काही ठिकाणी मासे चालतात असं गृहीत धरतात, काही ठिकाणी भाजी शाकाहारी पण तिचा रस्सा हाडांच्या पाण्यातला असतो. घटक विचारा: रस्सा कशाचा, तेल की चरबी, त्याच तेलात मांसही तळता का, माशाचा सॉस पडतो का. दुपारच्या ऐन गर्दीत विचारलं तर घाईत मान डोलावली जाते. आदल्या दिवशी निवांत वेळी जाऊन बोला.

ॲलर्जी असेल तर त्या घटकांची नावं स्थानिक भाषेत कागदावर लिहून तो थेट आचाऱ्याकडे पोचवा. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून उपाहारगृहांनाही 14 ठरावीक घटकांची माहिती द्यावी लागते, म्हणून तिथे मागायला मुळीच कचरू नका. अमेरिकेत नऊ प्रमुख घटकांचा संघीय नियम आहे, तीळ त्यात 2023 पासून आले; पण तो वेष्टनबंद पदार्थांसाठी आहे, ताटात वाढलेल्या जेवणाला लागू नाही. तिथे तुम्हालाच विचारावं लागतं. समोरच्याला प्रश्न कळला नाही असं वाटलं तर न खाता उठा. चव नंतरही घेता येते.

घरपोच मागवताना

ॲपवरची तीन वेगळी नावं एकाच स्वयंपाकघराची असू शकतात. पत्ता जुळवून बघा. ज्या ठिकाणी एकदाही पाऊल ठेवलेलं नाही तिथून पहिल्याच वेळी मागवू नका. आणि ठिकाण आवडलं की त्यांचा फोन घेऊन थेट मागवा, शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा, कारण ॲपचं कमिशन लहान दुकानाच्या नफ्यातून जातं.

हंगाम ओळखा

पर्यटननगरीचं वर्ष हंगाम आणि बिगरहंगाम असं विभागलेलं असतं आणि त्याची लाट उपनगरापर्यंत पोचते. हंगामात शहरातली हॉटेलं भरली की पाहुणे उपनगरात उतरतात, हमरस्त्यावरची ठिकाणं गजबजतात आणि तुमच्या गल्लीतला वाढणारा पोरगा जास्त पगारावर शहरात जातो. त्या दोन-तीन महिन्यांत आवडत्या ठिकाणीही उशीर होतो, कधी मेन्यू आखडतो. समजून घ्या. आठवड्याच्या मधल्या वारी जा, लवकर जा.

बिगरहंगामात उलट करा. तेव्हा शहरात जेवायला जा. एरवी महिनाभर आधी टेबल मिळत नाही अशा ठिकाणी मंगळवारी संध्याकाळी सहज जागा मिळते, आणि आचाऱ्याला तुमच्याकडे लक्ष द्यायला वेळ असतो. जाण्याआधी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते मात्र बघून ठेवा. आणि ठिकाण उघडं आहे का याची फोनवर खात्री करा. केवळ पर्यटकांवर चालणारी काही दुकानं बिगरहंगामात कुलूप लावतात. उपनगरातली गल्लीतली दुकानं वर्षभर चालू असतात, कारण तुमच्या शेजाऱ्यांना वर्षभर भूक लागते.

चौथा आठवडा: नेहमीचं गिऱ्हाईक व्हा

वहीत आता पंधराएक नावं असतील. त्यांतली तीन निवडा: एक रोजच्या थकलेल्या संध्याकाळसाठी, एक रात्री उशिरासाठी, एक घरच्यांसोबत निवांत बसायला. आणि महिनाभर आलटून पालटून तिथेच जा. वीस ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा तीन ठिकाणी सात-सातदा जाणं मला जास्त मोलाचं वाटतं. तिसऱ्या खेपेला चेहरा ओळखीचा होतो, पाचव्या खेपेला “आज मासा नको, उद्या ताजा येईल” असं कोणीतरी हळूच सांगतं. मेन्यूत नसलेलं, त्यांच्या घरच्यांसाठी शिजलेलं काहीतरी एखाद्या दिवशी वाटीभर समोर येतं.

तिथल्या माणसांची नावं लक्षात ठेवा. मीठ जास्त झालं असेल तर ऑनलाइन तारे कापण्याआधी तिथेच सांगा. वस्तीवर चालणाऱ्या दुकानाला ते ऐकायचं असतं. बंद व्हायला दहा मिनिटं असताना सहा जणांना घेऊन शिरू नका. दुकान लहान असेल आणि बाहेर माणसं थांबली असतील तर जेवण झाल्यावर टेबल सोडा.

मग कधीतरी तुमच्याकडे पाहुणे येतील, ते प्रसिद्ध शहर बघायला. त्यांना सकाळीच शहरात न्या, दुपारी तिथे थोडंसंच काहीतरी खाऊ द्या. आणि तुमच्या तिसऱ्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा: आम्ही सहा जण, त्यांत दोन लहान मुलं, साडेसातला येतो, आणि ते आधी संपतं ना, ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवा.